उषाताई डांगे : घरातलीच दुसरी क्रांतिकारक

एम्प्रेस मिलचा भोंगा ज्यांनी ऐकलाय, त्या पिढीला कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगे कोण हे सांगावं लागत नाही. पण उषाताई डांगे? मी पत्रकारितेचा डिप्लोमा केला तेव्हा डांगे अभ्यासाला होते, उषाताई नव्हत्या.

लहान वयात वैधव्य आलेली ब्राह्मण घरातली बाई. पुनर्विवाह केला, तोही कानपूर कटाच्या खटल्यात तुरुंग भोगून आलेल्या माणसाशी! 1928 ला मुंबईतला गिरणी संप सहा महिने चालला, दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर. लगेच 20 मार्च 1929 ला मेरठ कटाच्या अटका झाल्या. डांगे आत गेले ते 1935 लाच सुटले. त्याच 1929 साली मुलगी झाली. नाव ठेवलं रोझा, जर्मनीच्या रोझा लक्झेंबर्गवरून.

आता विचार करा. नवरा मेरठच्या तुरुंगात, पदरात तान्ही पोर, आणि बाई गिरणीच्या दारात. वाइंडिंग-रिळिंग खात्यात बायका कामाला, त्यांच्यावर नायकिणींचा अंमल. नायकीण नाराज झाली की काम गेलं. वर पोलिसांचा धाक, घरी नवऱ्याचा. अशा बायकांना लाल बावट्याखाली आणणं म्हणजे मैदानावर भाषण ठोकण्याइतकं सोपं नव्हे. उषाताईंनी ते केलं.

त्या वर्षाच्या शेवटी आपल्या नागपुरात आयटकचं अधिवेशन भरलं, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. ना. म. जोशींचा गट बाहेर पडला, संघटना फुटली. भांडणाच्या मुद्द्यांत मुंबईची गिरणी कामगार युनियनही होती. त्या फुटीवर पुस्तकं निघाली. युनियनमधल्या बायकांच्या वाट्याला त्यात चार ओळीही मुश्किलीने.

पुढे डांगे पक्षाचे अध्यक्ष, 1957 आणि 1967 ला खासदार. 1964 ला पक्ष फुटला, 1981 ला त्याच पक्षाने डांगेंना काढलं. रोझाताई 1974 च्या पोटनिवडणुकीत मुंबईतून लोकसभेवर गेल्या. या सगळ्यात उषाताईंची ओळख काय? अमक्याची बायको, तमकीची आई.

त्यांनी आत्मचरित्र लिहिलं. नाव, 'पण ऐकतं कोण?'. ज्याच्या एका हाकेवर गिरण्या बंद पडायच्या, त्याच्या बायकोच्या पुस्तकाचं हे नाव! मला तर त्यात चिडही दिसते आणि मिश्किलपणाही.

नागपुरातल्या कुण्या जुन्या लायब्ररीत किंवा तुमच्या घरच्या कपाटात प्रत असेल तर कमेंटमध्ये कळवा. मी येऊन वाचतो.