मोर्चातला फोटो व्हायरल होतो, मग त्यातली बाई कुठं हरवते?

तारीख ९ ऑगस्ट २०११, म्हणजे क्रांतिदिन. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावर मावळातल्या बऊर गावाजवळ शेतकरी रस्त्यावर उतरले होते. पवना धरणाचं पाणी बंद जलवाहिनीतून थेट पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेला त्यांचा विरोध होता. आंदोलन चिघळलं, पोलिसांनी गोळीबार केला आणि तिघांचा जीव गेला. मोरेश्वर साठे, श्यामराव तुपे आणि कांताबाई ठाकर.

आजही ही घटना "मावळ गोळीबारात तीन शेतकरी गेले" अशीच सांगितली जाते. वाक्य खरंच आहे. पण शेतकरी म्हटलं की डोळ्यासमोर टोपी घातलेला पुरुष उभा राहतो. त्या तिघांत एक बाई होती, हे मुद्दाम सांगावं लागतं. महिलांच्या आंदोलनांचे फोटो महत्त्वाचे का असतात आणि फक्त फोटो पुरेसा का नसतो, हे समजून घ्यायला इथून सुरुवात करता येते.

फोटोपत्रकारिता म्हणजे नेमकं काय?

मोर्चात आज प्रत्येकाच्या हातात मोबाइल असतो. मग प्रत्येक फोटो म्हणजे फोटोपत्रकारिता का? नाही. फोटोपत्रकारितेत दोन गोष्टी एकत्र लागतात: घडलं ते न बदलता टिपलेलं चित्र, आणि त्याखालची ओळ. कोण, कुठं, कधी आणि कशासाठी, एवढं त्या ओळीनं सांगायचं असतं. ओळ गळाली की फोटो उरतो, पण पुरावा म्हणून त्याची किंमत कमी होते. मग तोच फोटो उद्या भलत्याच गावाच्या, भलत्याच आंदोलनाच्या नावानं फिरू शकतो.

लाटणं बातमीत कसं आलं?

१९७२ साली महाराष्ट्रात दुष्काळ होता. तेल, साखर, रॉकेल यांचे भाव चढले होते आणि वस्तूही मिळत नव्हत्या. मुंबईत वेगवेगळ्या पक्षांतल्या स्त्रिया एकत्र आल्या आणि महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी, प्रमिला दंडवते ही त्यातली ठळक नावं. या समितीच्या मोर्चांत बायका घरातलं लाटणं आणि थाळी घेऊन रस्त्यावर आल्या. "लाटणं मोर्चा" हे नाव तिथून रूढ झालं.

ही निवड कॅमेऱ्याच्या दृष्टीनंही अचूक होती. भाषण फोटोत ऐकू येत नाही, फलक दुरून वाचता येत नाही. पण हातात उंच धरलेलं लाटणं कुणालाही समजतं. स्वयंपाकघराचं बजेट कोलमडलंय, हे एका चित्रात कळतं.

मात्र याची दुसरी बाजूही आहे. लाटणं लक्षात राहिलं, मागण्या मागे पडल्या. रेशनवर पुरेसं धान्य द्या, साठेबाजी थांबवा, या अर्थकारणाच्या मागण्या होत्या. "चिडलेल्या गृहिणी" एवढंच लक्षात राहिलं, तर त्यामागचं राजकारण फोटोतून निसटतं.

२०१८ : पाय दिसले, जमीन दिसली का?

मार्च २०१८ मध्ये अखिल भारतीय किसान सभेचा लाँग मार्च नाशिकहून निघून मुंबईला आझाद मैदानात पोहोचला. अंतर सुमारे १८० किलोमीटर. चालणाऱ्यांत आदिवासी स्त्रिया मोठ्या संख्येनं होत्या. सोलवटलेल्या, फोड आलेल्या पायांचे फोटो देशभर फिरले आणि शहरातली माणसं हळहळली. मुंबईकर पाणी, खाणं, चपला घेऊन रस्त्यावर आले.

फोटोनं आपलं काम केलं, यात शंका नाही. पण या मोर्चाची एक मुख्य मागणी होती वनहक्क कायद्यानुसार कसत्या जमिनीचे हक्क मिळावेत, ही. पाय पाहून दया आली तरी त्या पायांच्या मालकिणीला दया नको होती, सातबारा हवा होता. चेहरा नसलेला, नाव नसलेला पाय सहानुभूती पटकन मिळवतो. हक्काची गोष्ट सांगायला चेहरा, नाव आणि मागणीही लागते.

कॅमेरा चळवळीच्या विरोधातही वापरला जातो

ब्रिटनमध्ये मताधिकारासाठी लढणाऱ्या स्त्रियांचा इतिहास यासाठी वाचण्यासारखा आहे. क्रिस्टिना ब्रूम ही लंडनची फोटोग्राफर या स्त्रियांच्या मिरवणुकांचे फोटो काढून त्यांची पोस्टकार्डं विकायची. त्या काळातलं सोशल मीडियाच म्हणा ना! पण त्याच सुमारास, १९१३ च्या आसपास, सरकारनं तुरुंगातल्या आंदोलक स्त्रियांचे फोटो लपूनछपून काढून घेतले. ते पोलिसांना आणि संग्रहालयांच्या पहारेकऱ्यांना वाटले गेले. एव्हलिन मॅनेस्टा फोटो काढू देईना, तेव्हा पहारेकऱ्यानं तिची मान धरून फोटो काढला. नंतर फोटोतला तो हात खोडून तिथं गळ्याभोवतीचं वस्त्र रंगवलं. म्हणजे फोटोतली हातचलाखी ही काही एआयच्या काळातली गोष्ट नाही.

काही फोटो न काढणं हीच पत्रकारिता

१९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. देश या खटल्याला मथुरा प्रकरण म्हणून ओळखतो. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आरोपी पोलिसांची सुटका केली. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. १९८० च्या महिलादिनी अनेक शहरांत निदर्शनं झाली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला.

त्याच दुरुस्तीत भारतीय दंड संहितेत २२८-अ हे कलम आलं. बलात्कार पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा ठरला आणि त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली. आता भारतीय न्याय संहितेत हेच कलम ७२ आहे. काही ठरावीक अपवाद सोडले तर नाव, फोटो किंवा ओळख पटेल असा कुठलाही तपशील छापता येत नाही. "न्याय मिळावा म्हणून शेअर केलं" हा बचाव इथं चालत नाही. मोर्चात चालणाऱ्या बाईचं नाव लिहिणं जितकं गरजेचं, तितकंच जिच्यासाठी मोर्चा निघाला तिचं नाव लपवणंही.

कॅमेऱ्यामागची बाई

भारतातल्या पहिल्या महिला फोटोपत्रकार म्हणून होमाई व्यारावाला यांचं नाव घेतलं जातं. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या होमाईंचे सुरुवातीचे फोटो पती माणेकशा यांच्या नावानं छापून येत. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं.

शेबा छाछी यांचा प्रवास आणखी वेगळा आहे. १९८० च्या दशकात दिल्लीत हुंडाबळींविरोधात निदर्शनं व्हायची. त्या स्वतः चळवळीत होत्या आणि फोटोही काढत होत्या. पुढं त्यांना वाटू लागलं की घोषणा देणारी, मूठ वळलेली बाई एवढंच चित्र अपुरं आहे. म्हणून त्यांनी सात कार्यकर्त्या स्त्रियांसोबत मिळून फोटो काढले. कुठं बसायचं, सोबत कुठल्या वस्तू ठेवायच्या, कसं दिसायचं, यात त्या स्त्रियांचाही वाटा होता. "सेव्हन लाइव्ज अँड अ ड्रीम" ही ती मालिका. फोटोतली बाई इथं नुसता विषय राहिली नाही, स्वतःची गोष्ट सांगण्यात भागीदार झाली.

फॉरवर्ड करण्याआधी पाच प्रश्न

१. फोटो कुठला आणि कधीचा आहे? रिव्हर्स इमेज सर्चनं अनेकदा उत्तर मिळतं.

२. तो कुणी काढला? नाव असेल तर कापू नका, क्रेडिट द्या.

३. यातल्या स्त्रिया काय मागत आहेत? कॅप्शनमध्ये मागणी लिहा, नुसते रडके इमोजी नकोत.

४. हा फोटो फिरल्यानं कुणी अडचणीत येईल का? अल्पवयीन मुली आणि अत्याचारातल्या पीडिता यांचा फोटो तर नकोच.

५. तुमच्या गावात आंदोलन झालं असेल तर जुने फोटो कुणाकडे आहेत? त्यांच्या मागे तारीख, ठिकाण आणि माणसांची नावं पेन्सिलनं लिहून घ्या. मोबाइलमधले असतील तर फाइलला नाव द्या.

शेवटचं काम सगळ्यात सोपं आहे आणि सगळ्यात घाईचंही. फोटो पन्नास वर्षं टिकतो, पण "ही डावीकडून तिसरी कोण?" याचं उत्तर देणारी आजी तेवढी वाट पाहू शकत नाही.