मोतीबिंदू शस्त्रक्रियेच्या उपकरणांची चाचणी

मोतीबिंदू काढण्यासाठी नव्याने घडवलेले पाते, चिमटा, आकडी किंवा यंत्र रोजच्या वापरात येण्याआधी आणि आल्यानंतरही पारखण्याची पद्धत. ही पारख कठोर असावी लागते, कारण भिंगाच्या पिशवीची मागची बाजू मध्यभागी अवघी चार सहस्रांश मिलिमीटर जाड असते. ती फाटली की आतला जेलीसारखा द्रव पुढे येतो, आणि अर्ध्या तासात आटोपणारी शस्त्रक्रिया अवघड होऊन बसते.

पहिली परीक्षा धातूची. पोलाद नीट गंजरोधक झाले आहे का, हे पाहण्यासाठी हत्यार पाण्यात उकळतात आणि मोरचुदाच्या द्रावणात बुडवतात. पृष्ठभागावर सुटे लोह असेल तर तिथे तांब्याचा लाल थर चढतो. वाफेच्या दाबाखाली १२१ किंवा १३४ अंशांना वारंवार निर्जंतुक केल्यावर चिमट्याची टोके जुळतात का, पात्याची धार टिकते का, हेही सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. पोकळ नळीत साबणाचा अंश राहिला तरी डोळा सुजतो, म्हणून ती आतून स्वच्छ होते की नाही हा स्वतंत्र प्रश्न.

दुसरा टप्पा शेळीच्या डोळ्यावर. खाटकाकडून आणलेला ताजा डोळा भारतात सरावासाठी सर्रास वापरतात. त्याच्या भिंगाची पिशवी मात्र माणसाच्या पिशवीपेक्षा जाड आणि लवचीक असते, शिवाय भिंग मऊ असते. ते फॉर्मॅलिनने कडक करून घेतात. इथे उत्तीर्ण झालेले हत्यार माणसाच्या डोळ्यात निर्धोक ठरेलच असे धरून चालणे चूक आहे.

तिसरा टप्पा माणसांच्या डोळ्यांवरचा. १९६७ साली चार्ल्स केलमन यांनी फेको पद्धत आणली. तिची सुई सेकंदाला सुमारे ४०,००० वेळा कंप पावून भिंग फोडते. मोतीबिंदू जितका कडक तितकी ऊर्जा जास्त, आणि त्याची झळ बुबुळावरच्या पारदर्शक पटलाच्या आतल्या पेशींना लागते. या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. म्हणूनच माणसांवरील चाचणीत शस्त्रक्रियेआधी आणि नंतर पेशी मोजतात; नव्या उपकरणाचा खरा हिशेब तिथे कळतो.

अशा कडक मोतीबिंदूंच्या चाचणीसाठी नागपूर महत्त्वाचे आहे. ‘मेडिकल’ आणि ‘मेयो’ या सरकारी रुग्णालयांत आणि शहरातल्या नेत्रालयांत गडचिरोली, भंडारा, तसेच शेजारच्या बालाघाट-छिंदवाड्याकडचे रुग्ण येतात. त्यांतल्या अनेकांचा मोतीबिंदू पुरता पिकून तपकिरी झालेला असतो. मऊ भिंगावर चांगले चालणारे यंत्र या डोळ्यांपुढे उघडे पडते. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटने जिल्ह्याच्या ग्रामीण भागात केलेल्या ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’त ४,७११ प्रौढ तपासले गेले. त्यांच्या डोळ्यांची सरासरी लांबी २२.६ मिलिमीटर भरली. युरोपीय डोळा साधारण २३.५ मिलिमीटर असतो. आखूड डोळ्यात हत्यार फिरवायला जागा बहुधा कमी मिळते. तेव्हा परदेशी मापांवर बेतलेले उपकरण इथल्या डोळ्यांवर पारखल्याशिवाय स्वीकारू नये. लहान छेदाची, बिनटाक्यांची हाताने करायची शस्त्रक्रिया स्वस्त आहे आणि कडक मोतीबिंदूवर उत्तम चालते. नव्या यंत्राची तुलना तिच्याशीही व्हायला हवी.

वैद्यकीय उपकरण नियम २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू आहेत. ज्याच्यासारखे उपकरण आधी बाजारात नाही, त्याची माणसांवर चाचणी करण्यासाठी केंद्रीय परवानगी, नीतिसमितीची संमती आणि रुग्णाची लेखी संमती लागते. चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार आणि भरपाई चाचणी करवणाऱ्यावर असते. विक्रीनंतर उपकरणांमुळे झालेल्या अपायांची नोंद २०१५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात होते. अपायाची माहिती डॉक्टर, परिचारिका, उत्पादक किंवा स्वतः रुग्णही कळवू शकतो. शस्त्रक्रियेनंतर डोळा दुखू लागला, लाल झाला किंवा नजर अंधुक झाली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.