घंटागाडीवर काम करताना अपघात झाला तर खर्च कोण देणार? कचरा गोळा करणाऱ्या गटांसाठी विमा आणि सुरक्षेची माहिती

आता बऱ्याच गावांत घंटागाडी फिरते. गाडी ग्रामपंचायतीची आणि काम बचत गटाच्या महिलांकडे किंवा गावातल्याच पाच-सहा जणांच्या गटाकडे, अशी पद्धत असते. घरोघरचा कचरा आणायचा, ओला-सुका वेगळा करायचा, प्लास्टिक साठवून भंगारवाल्याला द्यायचं, ओल्याचं खत करायचं. मानधन किती, डिझेल कोणाचं यावर सभेत चर्चा होते. पण हात कापला, कुत्रा चावला किंवा गाडी उलटली तर खर्च कोणी करायचा, हे अनेकदा कुठंच लिहिलेलं नसतं. अपघात झाला की ग्रामपंचायत म्हणते काम गटाचं, आणि गट म्हणतो काम ग्रामपंचायतीचं. मधल्या मध्ये घरचे उसनवारी करत फिरतात. हे टाळायचं तर काय करावं, त्याची ही माहिती.

आधी करारनामा बघा

विम्याच्याही आधी कागद महत्त्वाचा. गटातले लोक 'कामगार' आहेत की 'ठेकेदार', यावर भरपाई कोणाकडे मागायची ते ठरतं. कामावर जखम किंवा मृत्यू झाल्यास मालकाने भरपाई द्यावी, असं १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यात होतं. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तीच तरतूद आहे. काम ठेक्याने दिलं म्हणून मूळ काम देणारा आपोआप मोकळा होत नाही. पण गटाच्या सदस्य स्वतःच काम घेणाऱ्या असतील तर 'तुमचा मालक कोण?' हा वाद निघतो. म्हणून करारनाम्यात या गोष्टी साध्या मराठीत लिहून घ्या:

- विम्याचा हप्ता कोण भरणार आणि कधी भरणार
- अपघात झाल्यास दवाखान्याचा पहिला खर्च कोण करणार
- हातमोजे, गमबूट, मास्क कोण देणार आणि किती महिन्यांनी बदलणार
- गाडीचा विमा आणि दुरुस्ती कोणाकडे
- कामावर कोण कोण आहे, त्यांची नावं

ठरावाची आणि करारनाम्याची एक प्रत गटाकडे ठेवा. रोजची हजेरी वहीत लिहा. 'त्या दिवशी ही बाई कामावर होती' हे दाखवायला पुढे हीच वही लागते.

कोणता विमा काय देतो, काय देत नाही

*प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना.* वर्षाला २० रुपये. वय १८ ते ७०. अपघाती मृत्यू झाला किंवा दोन्ही डोळे, दोन्ही हात, दोन्ही पाय कायमचे गेले तर २ लाख. एक डोळा, एक हात किंवा एक पाय कायमचा गेला तर १ लाख. पण हाताला टाके पडले, हाड मोडलं, महिनाभर घरी बसावं लागलं तर यात काहीच मिळत नाही. दवाखान्याचं बिलही नाही. दोन बँकांत खाती असली तरी विमा एकच धरतात.

*प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना.* वर्षाला ४३६ रुपये. १८ ते ५० वयात घेता येते. मृत्यू आजाराने झाला तरी वारसाला २ लाख. नवीन घेतल्यावर पहिल्या ३० दिवसांत अपघात सोडून दुसऱ्या कारणाने मृत्यू झाला तर पैसे मिळत नाहीत.

दोन्ही योजनांचं वर्ष १ जून ते ३१ मे. हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो. नेमकं मे अखेरीला खात्यात पैसे नसले की विमा बंद पडतो आणि घरच्यांना ते क्लेमच्या वेळी कळतं. दोन्ही मिळून ४५६ रुपये होतात. मे महिन्यात खात्यात तेवढे शिल्लक आहेत का ते बघा आणि जूनमध्ये पासबुकात नोंद तपासा. वारसाचं नाव बरोबर आहे का, तेही तेव्हाच बघून घ्या.

*महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना.* दवाखान्यात भरती होऊन करायच्या ठरावीक उपचारांसाठी कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. पण दवाखाना योजनेतला असावा लागतो. जवळचा कोणता आहे ते आजच १५५३८८ वर फोन करून विचारा. भरती न होता घेतलेली मलमपट्टी, गोळ्या यात बसत नाहीत.

*गट अपघात विमा.* वरच्या योजनांत बुडालेली मजुरी मिळत नाही. ती हवी असेल तर विमा कंपनीकडून सगळ्या गटाची मिळून अपघात पॉलिसी घ्यावी लागते. घेताना दोनच प्रश्न स्पष्ट विचारा. घरी बसावं लागलं तर आठवड्याला किती मिळणार? अपघाताचा दवाखाना खर्च मिळणार का? उत्तर एजंटच्या तोंडी नको, पॉलिसीच्या कागदावर दाखवायला सांगा. कामाचं स्वरूप 'कचरा संकलन' असंच लिहा. 'गृहिणी' किंवा 'शेती' लिहिलं तर नंतर क्लेम अडू शकतो.

गाडी, ट्रॅक्टर आणि ट्रॉली

रस्त्यावरच्या गाडीला थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे. तो नसेल तर पहिल्या वेळी २ हजार रुपये दंड किंवा ३ महिने कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. थर्ड पार्टी म्हणजे समोरच्याचं नुकसान. गाडीवरच्या आपल्या माणसांचं काय, हे वेगळं बघावं लागतं. चालकाशिवाय किती मदतनीस पॉलिसीत धरलेत, ते कागदावर बघा.

काही गावांत ट्रॅक्टर-ट्रॉलीने कचरा उचलतात. ट्रॅक्टरचा विमा शेतीकामासाठी घेतलेला असेल आणि अपघात कचरा नेताना झाला, तर कंपनी हात वर करू शकते. ट्रॉलीची नोंद आणि विमाही बघा. चालकाकडे त्या प्रकारच्या गाडीचा परवाना हवाच. आणि गाडीच्या मागे लटकून किंवा कचऱ्याच्या ढिगावर बसून कोणी जायचं नाही.

शेड आणि साठवलेला माल

सुकं प्लास्टिक, कागद, पुठ्ठा एका शेडमध्ये म्हणजे एका ठिणगीचा खेळ. ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही ठरावीक नमुन्याची पॉलिसी आहे. आग, वीज, वादळ, पूर यातलं नुकसान त्यात बसतं. शेड, यंत्र आणि माल यांची किंमत वेगवेगळी लिहा, खरेदीच्या पावत्या जपा आणि वर्षातून दोनदा शेडचे फोटो काढून ठेवा. शेडमध्ये विडी-सिगारेट बंद, वाळूच्या दोन बादल्या आणि अग्निशामक सिलिंडर दारातच. मोबाईलच्या जुन्या बॅटऱ्या आणि लायटर प्लास्टिकच्या ढिगात जाऊ देऊ नका.

रोजच्या कामात हे पाळा

गणवेश, चमकणारं जॅकेट, हातमोजे, रेनकोट, योग्य बूट आणि मास्क ही यादी २०१६ च्या घनकचरा नियमांत दिलेली होती. ते नियम मुख्यतः शहरांसाठी होते, तरी काच आणि सुई गावातही तशीच टोचते.

- पिशवी हाताने दाबू नका, आत हात घालू नका. ताडपत्रीवर ओता आणि चिमट्याने किंवा दाताळ्याने वेगळं करा.
- पातळ रबरी मोजे काचेला टिकत नाहीत. जाड मोजे घ्या.
- प्लास्टिक तुकडे करायच्या यंत्रावर पदर, ओढणी, सैल बांगड्या नकोत. केस बांधा. अडकलेलं काढायचं तर आधी मेन स्विच बंद.
- दवाखान्याच्या सुया, सलाईन घंटागाडीत घेऊ नका. त्यांची विल्हेवाट लावायची जबाबदारी दवाखान्याची आहे. घरी इन्सुलिन घेणाऱ्यांनी सुया जाड प्लास्टिकच्या डब्यात टाकून झाकण लावून द्याव्यात.
- सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून द्यावा. पुण्यात ही पद्धत रुजवण्याचा प्रयत्न झाला आहे, गावातही सहज करता येते.
- फवारणीच्या औषधाच्या बाटल्या सुक्या कचऱ्यात मिसळू नका.
- सेप्टिक टँक किंवा बंद गटारात उतरायला कोणी सांगितलं तर नाही म्हणा. सुरक्षा साधनांशिवाय असं काम करून घेणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

काम सुरू करण्याआधी सगळ्यांनी धनुर्वाताची लस घ्यावी. हिपॅटायटिस बी च्या तीन डोसांबद्दल प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.

अपघात झाला तर

- सुई टोचली: जखम दाबू नका, चोखू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि लगेच सरकारी रुग्णालय गाठा. एचआयव्ही टाळायचं औषध जितकं लवकर तितकं चांगलं. ७२ तासांनंतर त्याचा उपयोग राहत नाही.
- कुत्रा चावला: १५ मिनिटं साबणाने धुवा. हळद, तेल, चुना लावू नका. रेबीजची लस पूर्ण घ्या.
- साप चावला: कापू नका, घट्ट बांधू नका. हालचाल कमी ठेवा, १०८ ला फोन करा.
- पावसाळ्यात काम करून ताप आला, पोटऱ्या दुखल्या: डॉक्टरांना 'मी कचऱ्यात काम करते' हे आधी सांगा. उंदरांच्या मुतातून लेप्टो होतो.

विम्यासाठी कागद त्याच दिवसापासून जमवा. गाडीचा अपघात असेल तर पोलिसांत नोंद हवीच. साप चावणं, पडणं अशा घटनेत तातडीने घेतलेल्या उपचाराचा दवाखान्याचा कागद चालतो. केसपेपरवर 'कामावर असताना' असं लिहून घ्या. मृत्यू झाल्यास शवविच्छेदन टाळू नका, त्याशिवाय अपघाती क्लेम अडतो. सुरक्षा विम्याचा अर्ज बँकेत ३० दिवसांच्या आत द्या आणि पोच घ्या.

क्लेम नाकारला तर

आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. विमा नियामकाच्या १५५२५५ या नंबरवरही तक्रार नोंदवता येते. कंपनीने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा ते पटलं नाही, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथं फी नाही, वकील लागत नाही.

सहा जणांच्या गटाचा सुरक्षा विमा वर्षाला १२० रुपयांत होतो. सगळे वयात बसत असतील तर जीवनज्योतीसह २ हजार ७३६ रुपये. पुढच्या मासिक सभेत हा विषय घ्या, हप्ता कोण भरणार ते ठरवा आणि तसा ठराव लिहून घ्या.