अदृश्य द्रव्याचा माग

दीर्घिकांच्या एका समूहांतील वेग मोजून झ्विकी यांनीं 1933 सालीं तर्क केला कीं, तेथें न दिसणारें द्रव्य पुष्कळ असावें. आदल्याच वर्षीं अँडरसन यांस विश्वकिरणांत पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा धनभारी प्रतिकण, सांपडला होता. या दोहोंची सोयरीक जुळावयास अर्धशतक लागलें, आणि तींत मुंबईचाही हात आहे. 1979 सालीं गोल्डन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं बलूनमधून चुंबकयंत्र वर धाडून विश्वकिरणांत प्रतिप्रोटॉन असल्याचा पुरावा प्रसिद्ध केला. त्या निबंधाच्या लेखकांत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे डॅनियल व स्टीफन्स होते. नाशिककरांस मुंबई घरची. पण ही गोष्ट आपल्यांतील कितीजणांच्या कानीं आली असेल?

विश्वकिरणांतील प्रोटॉन ताऱ्यांमधील वायूवर आदळून थोडे प्रतिप्रोटॉन निपजतातच. सांपडले ते त्या हिशेबाहून अधिक. मग वरकड कोठचे? अदृश्य द्रव्याचे कण परस्परांस भिडून नष्ट होतांना ते जन्मत असावेत, असें सिल्क व स्रेडनिकी यांनीं 1984 सालीं सुचविलें. पुढील चोख मोजण्यांत तें आधिक्य विरलें. कल्पना मात्र टिकली. 2013 सालीं अंतराळस्थानकावरील ए.एम.एस. यंत्रानें पॉझिट्रॉनांचें आधिक्य नेमकें मोजलें, तेव्हां तिला पुन्हा बळ आलें. परंतु वेगानें फिरणारे मृत तारे, पल्सार, हेही पॉझिट्रॉन निर्मितात. पहिला अनुभव ध्यानीं घेतां, आधीं पल्सारांचाच हिशेब पुरा व्हावा, असें मला वाटतें.