क्लिनिकचा विमा तुमच्या काय कामाचा? पुण्याच्या एका जुन्या खटल्यापासून आजच्या लेझर सेंटरपर्यंत

कॉलेज रोड, गंगापूर रोड, इंदिरानगर. नाशिकमध्ये कुठेही एक फेरी मारलीत तर लेझरने केस काढणारी, केमिकल पील करणारी, केसांचं रोपण करणारी, वजन घटवून देणारी सेंटर्स दिसतील. तुम्ही तिथे जाता तेव्हा भाव विचारता, किती सिटिंग लागतील ते विचारता, पॅकेजवर सूट मागता. एक प्रश्न मात्र जवळजवळ कुणीच विचारत नाही: चेहरा भाजला, डाग पडले, तर भरपाई कोण देणार?

याचं छोटं उत्तर 'डॉक्टरचा विमा' असं आहे. त्याला प्रोफेशनल इंडेम्निटी म्हणतात. पण हा विमा कुणाचा, कशासाठी आणि कधीपर्यंत, यात बरीच मेख आहे. ती कळायला थोडं मागे जावं लागेल, कारण भारतात डॉक्टरांना असा विमा घ्यावासा वाटू लागला त्याला फार वर्षं झालेली नाहीत.

तीन हजार रुपये आणि पंधरा वर्षं

6 मे 1953. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेत गावी समुद्राच्या वाळूत वीस वर्षांच्या आनंद गोडबोले या मुलाचा अपघात झाला आणि डाव्या मांडीचं हाड मोडलं. गावच्या डॉक्टरांनी लाकडी फळ्या बांधून पाय स्थिर केला आणि पुण्याला न्यायचा सल्ला दिला. मुलाला टॅक्सीत आडवं करून, बरोबर आई आणि ते डॉक्टर, अशी सुमारे दोनशे मैलांची वाट तुडवत मंडळी 9 मेच्या सकाळी साडेअकराला पुण्यात पोहोचली. वडील त्र्यंबक बापू गोडबोले दौंडहून आले. ते स्वतः दौंडला डॉक्टरकी करत होते, हे लक्षात ठेवा.

दुपारी सव्वादोनला मुलगा डॉ. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी यांच्या खासगी रुग्णालयात दाखल झाला. मॉर्फियाचं एक इंजेक्शन दिलं गेलं आणि ऑपरेशन थिएटरात हाड जागेवर आणून प्लास्टर घातलं गेलं. संध्याकाळी सातपर्यंत मुलगा गुंगीतून बाहेर येईल, असं सांगितल्यावर वडील दौंडला परतले. साडेसहाला आईच्या लक्षात आलं की त्याला श्वास घेता येत नाही. रात्री नऊला तो गेला. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलं होतं फॅट एम्बॉलिझम, म्हणजे हाड मोडल्यावर चरबीचे कण रक्तात मिसळून अडकणं.

आईवडिलांनी दावा लावला. न्यायालयाला जे पटलं ते असं: पूर्ण भूल न देता, नुसत्या मॉर्फियावर, माणसं लावून वाजवीपेक्षा जास्त जोराने पाय ओढला गेला आणि त्या धक्क्याने मृत्यू झाला. खालच्या न्यायालयाने 3,000 रुपये भरपाई दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने मे 1968 मध्ये डॉक्टरांचं अपील फेटाळलं. मुलगा गेल्याला तेव्हा पंधरा वर्षं झाली होती.

या निकालात डॉक्टरची तीन कर्तव्यं सांगितली आहेत: केस हाती घ्यावी की नाही हे ठरवताना काळजी, कोणता उपचार द्यायचा हे ठरवताना काळजी, आणि तो उपचार देताना काळजी. आजही देशभर हा निकाल उद्धृत होतो. त्वचेच्या उपचारांना पहिलं कर्तव्य सर्वांत जास्त लागू आहे, असं माझं मत. कारण इथे पेशंट बहुतेक वेळा आजारी नसतो. 'हे तुम्हाला करायची गरज नाही' असं सांगणं हेही उपचारातच मोडतं, आणि पॅकेज विकणाऱ्या काउंटरवर ते कुणी सांगत नाही.

स्वतः डॉक्टर असलेल्या बापाला 3,000 रुपयांसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, तर बाकीच्यांनी कशाला वाटेला जावं? त्यामुळे दावे कमी, आणि डॉक्टरांना विम्याची निकडही कमी. इंग्लंडमध्ये मात्र चित्र निराळं होतं. तिथे एका डॉक्टरला स्त्री रुग्णावर हल्ला केल्याच्या खोट्या आरोपावरून तुरुंगात जावं लागलं होतं. त्या प्रकरणानंतर 1885 मध्ये डॉक्टरांनी एकत्र येऊन मेडिकल डिफेन्स युनियन काढली. वर्गणी भरायची आणि एकावर वेळ आली की सगळ्यांनी मिळून लढायचं, अशी ती रीत. पुढे आपल्याकडेही आयएमएच्या काही राज्य शाखांनी सभासदांसाठी अशाच संरक्षण योजना काढल्या.

ग्राहक झालेला पेशंट

आपल्याकडे वारं फिरलं ते ग्राहक चळवळीमुळे, आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. बिंदुमाधव जोशींनी पुण्यात 1974 मध्ये ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं, 1975 मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. 1986 मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला. त्यात डॉक्टर येतात का, यावर नऊ वर्षं वाद झाला. अखेर 13 नोव्हेंबर 1995 रोजी आयएमए विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ही ग्राहक कायद्याखालची सेवाच आहे. डॉक्टर मंडळींत खळबळ उडाली. त्या काळात देशात सर्वसाधारण विमा विकणाऱ्या सरकारी कंपन्याच होत्या, चार. इंडेम्निटी पॉलिसी कशाला म्हणतात हे अनेक डॉक्टरांना तेव्हा पहिल्यांदा कळलं.

2019 मध्ये नवा ग्राहक कायदा आला. त्यातल्या सेवेच्या व्याख्येत 'आरोग्यसेवा' हा शब्द नाही, म्हणून आम्ही सुटलो, असा दावा डॉक्टरांच्या एका संघटनेने मुंबई उच्च न्यायालयात केला. ऑक्टोबर 2021 मध्ये तो फेटाळला गेला आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही तसंच म्हटलं. तेव्हा 'आता डॉक्टरवर ग्राहक आयोगात जाता येत नाही' असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

मशीन कुणाच्या हातात आहे?

आता लेझर सेंटरकडे येऊ, आणि त्यासाठी मुंबईचा एक खटला पाहू. 1992 मध्ये तापाने आजारी असलेल्या एका माणसाला होमिओपॅथीच्या डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधं दिली, आधी विषाणूजन्य ताप म्हणून, मग टायफॉइड म्हणून. माणूस दगावला. पत्नीने दाद मागितली. राष्ट्रीय आयोगाने तक्रार फेटाळली होती, पण मे 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल या निकालात ती मान्य केली आणि 3 लाख रुपये भरपाई दिली. तत्त्व असं की ज्या पद्धतीचं शिक्षण नाही त्या पद्धतीने उपचार केला, तर तेवढाच निष्काळजीपणा पुरेसा आहे, वेगळा सिद्ध करावा लागत नाही.

महाराष्ट्रात यावर पुढे आणखी एक वळण आलं. 2014 मध्ये राज्याने कायदा बदलून होमिओपॅथीच्या डॉक्टरांना आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा कोर्स केल्यावर ठरावीक मर्यादेत आधुनिक औषधं देण्याची मुभा दिली. हा कोर्स चालवतं आपल्याच नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. आयएमएचा त्याला विरोध आहे आणि वाद न्यायालयात गेला आहे. कुणाची बाजू बरोबर यावर इथे भांडण नको. तुमच्या दृष्टीने मुद्दा एवढाच की फलकावर 'डॉ.' लिहिलंय म्हणजे पुढचं सगळं एकच नसतं.

सौंदर्योपचारांबाबत राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये स्पष्ट केलं की अशा प्रक्रिया आणि केसांचं रोपण रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांनीच करावं. एखाद्या कार्यशाळेत बघून किंवा यूट्यूबवर पाहून शिकायची ही गोष्ट नाही. हे सांगायची वेळ का आली, तेही बघा. मार्च 2019 मध्ये मुंबईत एका व्यावसायिकाचा केसांच्या रोपणानंतर मृत्यू झाला होता. ॲलर्जीच्या तीव्र झटक्याचा संशय होता. रोपण ही तशी वरवरची प्रक्रिया वाटते, पण त्यातही भुलीची औषधं असतात, तासन्‌तास काम चालतं, आणि झटका आला तर तो ओळखणारा माणूस त्या खोलीत असावा लागतो.

विमा कंपनीही नेमकं हेच बघते. डॉक्टरची पॉलिसी त्याच्या नावाची, त्याच्या पदवीची आणि त्याने कळवलेल्या कामाची असते. लेझर चालवणारी मुलगी तीन महिन्यांचा कोर्स करून आलेली असेल आणि तिचा समावेश जादा प्रीमियम भरून करून घेतलेला नसेल, तर तिच्या हातून झालेल्या भाजण्याला डॉक्टरची वैयक्तिक पॉलिसी उपयोगी पडेलच असं नाही. म्हणून क्लिनिकच्या नावाची वेगळी, आस्थापनेची पॉलिसी लागते. चांगलं क्लिनिक दोन्ही घेतं. मालक बिगर-डॉक्टर आणि डॉक्टर आठवड्यातून दोनदा येऊन सही करणारा, अशी रचना असेल तिथे हा प्रश्न फार टोचतो.

पॉलिसीच्या आत काय असतं

डॉक्टर विमा निवडतात तेव्हा रक्कम बघतात. मी आधी वगळलेल्या गोष्टींचं पान उघडतो. अनेक पॉलिसींत वजन कमी करण्याची औषधं, कॉस्मेटिक सर्जरी, केसांचं रोपण हे मूळ संरक्षणाबाहेर ठेवलेलं असतं, वेगळं मागून घ्यावं लागतं. वजनाची नवी इंजेक्शनं बाजारात आल्यापासून ही ओळ फार महत्त्वाची झाली आहे. नशेत केलेलं काम, गुन्हेगारी कृत्य आणि दंडही बाहेर. 'शंभर टक्के रिझल्ट' अशी हमी दिली असेल तर त्या शब्दाची जबाबदारी कंपनी साधारणपणे घेत नाही. तसंच ओल्या फरशीवरून तुम्ही घसरलात तर तो या विम्याचा विषय नाही, त्याला पब्लिक लायेबिलिटी नावाची वेगळी पॉलिसी लागते.

जाता जाता: जीएसटीचा कायदाही हाच फरक करतो. उपचाराला सूट आहे, पण केसांचं रोपण आणि निव्वळ कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरी त्या सूटीत बसत नाही. जन्मजात व्यंग किंवा अपघातानंतरची दुरुस्ती असेल तर बसते.

आता खरी मेख. या पॉलिसी बहुधा 'क्लेम्स-मेड' असतात. म्हणजे चूक झाली तेव्हा पॉलिसी होती हे पुरत नाही, तुमची तक्रार येईल तेव्हाही ती चालू असावी लागते. शिवाय रेट्रोॲक्टिव्ह डेट नावाची एक तारीख असते, तिच्या आधीच्या उपचारांना संरक्षण नसतं. एक हिशेब करून पाहा. तुम्ही जून 2024 मध्ये पील करून घेतलं. ग्राहक आयोगात जायला कायद्याने दोन वर्षं असतात. तुम्ही मार्च 2026 मध्ये तक्रार केलीत. दरम्यान क्लिनिकने 2025 मध्ये विम्याचं नूतनीकरणच केलं नाही, किंवा एक वर्ष खंड पडला आणि नवी पॉलिसी नव्या तारखेपासून घेतली. आयोगाने तुमच्या बाजूने निकाल दिला तरी पैसे डॉक्टरच्या किंवा मालकाच्या खिशातूनच काढावे लागणार. फ्रँचायझी बंद करून माणूस दुसऱ्या शहरात गेला असेल तर कुठे शोधणार?

म्हणून क्लिनिक निवडताना विचारा: लेझर कोण चालवणार, त्याचं नाव काय, पदवी काय, महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक काय? इंडेम्निटी क्लिनिकच्या नावावर आहे का, आणि ही प्रक्रिया त्यात आहे का? विचारायला संकोच वाटतो, हे मला कळतं. पण व्यवस्थित चालवणाऱ्याला हा प्रश्न आवडतो, कारण त्याने त्यावर दरवर्षी पैसे भरलेले असतात. पॉलिसीची रक्कम कुणी सांगणार नाही, सांगायची गरजही नाही.

बिल घ्या, त्यावर प्रक्रियेचं नाव लिहून घ्या. संमतीपत्राची प्रत मागा. कोऱ्या किंवा इंग्रजीतल्या न वाचलेल्या कागदावर सही करू नका. आधीचे आणि नंतरचे फोटो तुमच्या मोबाइलमध्येही ठेवा. तुम्ही लेखी मागितल्यावर 72 तासांत नोंदी देणं डॉक्टरांच्या आचारसंहितेनुसार बंधनकारक आहे, आणि दाखल झालेल्या रुग्णांच्या नोंदी तीन वर्षं जपून ठेवायच्या असतात. भाजलं, फोड आले तर आधी उपचार, तेही त्वचारोगतज्ज्ञाकडे. तक्रारीचं नंतर. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या तक्रारीला शुल्क नाही, ती ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.