महारोग : भीक दिली, पंगतीत पान दिलं नाही

मंडळी, आजचा विषय इतिहासाचा आहे, पण हा इतिहास अजून संपलेला नाही. कुष्ठरोग झालेल्या माणसांना आपल्या समाजाने कसं वागवलं, हे आज आपल्याला बघायचंय. आपण परभणी जिल्ह्यात बसून बोलतोय, तेव्हा सुरुवात इथल्याच पाथरीपासून करू.

साईबाबांचा जन्म पाथरीचा की नाही, यावरून जानेवारी २०२० मध्ये केवढा वाद झाला ते आपल्याला आठवत असेल. शिर्डीत बंदसुद्धा पाळला गेला. त्या वादात आम्ही पडणार नाही. पण त्याच साईबाबांच्या चरित्रातला एक माणूस आपल्या विषयाचा आहे. त्याचं नाव भागोजी शिंदे. १९१० च्या दिवाळीत बाबांचा हात धुनीत भाजला. मुंबईहून डॉक्टर आणवले गेले, पण बाबांनी त्यांच्याकडून पट्टी बांधून घेतली नाही. ते काम रोज भागोजी करायचा : तूप चोळायचं, पान ठेवायचं, पट्टी बांधायची. भागोजीला महारोग होता. बाबांच्या देहावसानापर्यंत, म्हणजे १९१८ पर्यंत, हा नेम चालला, असं ‘श्रीसाईसच्चरित’ सांगतं.

श्रद्धा बाजूला ठेवूनही ही गोष्ट इतिहास म्हणून वाचता येते. लोकांना ती लिहून ठेवावीशी वाटली, कारण ती रीतीच्या उलट होती. महारोग्याला काही देणं हे पुण्य होतं. त्याच्या हातून काही घेणं मात्र कोणाच्या मनातही येत नसे. आपल्याकडे दया नव्हती असं म्हणता येणार नाही. देवळाच्या पायरीवर, घाटावर, यात्रेच्या वाटेवर भीक मिळायची, पण पंगतीत पान मिळत नव्हतं. लांबून टाकलेल्या भाकरीला करुणा म्हणायचं का, हा आजच्या व्याख्यानाचा प्रश्न आहे.

आधी शब्दांचा घोळ समजून घेऊ. आयुर्वेदात ‘कुष्ठ’ हा एकच रोग नाही. त्यात त्वचेच्या रोगांचे अठरा प्रकार येतात. पुढे हा शब्द एका रोगाला चिकटला आणि त्याची भीती दुसऱ्यांनाही लागली. अंगावर पांढरं कोड उठणं हा संसर्गजन्य आजार मुळीच नाही. तरी त्याला ‘पांढरं कुष्ठ’ म्हटलं गेलं आणि कोड असलेल्या मुलींची लग्नं अडू लागली. शब्द चुकला आणि शिक्षा माणसाला झाली.

१८७३ मध्ये नॉर्वेच्या हॅन्सन या डॉक्टरांना या रोगाचा जंतू सापडला. पूर्वजन्मीचं पाप, देवाचा कोप, या समजुतींना इथे उत्तर मिळालं होतं. पण झालं उलटंच. ‘जंतू आहे, म्हणजे लागण होते’ एवढंच लोकांनी आणि सरकारांनी उचललं. शंभरातल्या साधारण पंचाण्णव माणसांच्या शरीरात या जंतूला आवरण्याची ताकद मुळातच असते, हे मागे पडलं.

ब्रिटिश सरकारने १८९८ मध्ये कायदा केला. त्यात भीक मागणाऱ्या किंवा उपजीविकेचं साधन नसलेल्या महारोग्याला पोलिसांनी वॉरंटशिवाय पकडावं आणि आश्रमात डांबावं, अशी सोय होती. खाद्यपदार्थ विकण्यावर, सार्वजनिक विहिरीचं पाणी घेण्यावर बंदी घालता येत होती. यातली मेख बघा. पकडायचं ते फक्त गरिबाला. ज्याच्याकडे घर, शेत, पैसा आहे तो घरात राहू शकत होता. जंतूला तर गरीब-श्रीमंत कळत नाही! मग हा कायदा रोगाविरुद्ध होता की रस्त्यावर दिसणाऱ्या माणसाविरुद्ध?

परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती, ब्रिटिश हद्दीत नव्हती. निजामाच्या राज्यात या रोगावरचं मोठं रुग्णालय १९१५ च्या सुमारास निजामाबादजवळ डिचपल्लीला उभं राहिलं. इझाबेल कर या स्कॉटिश मिशनरी डॉक्टर बाईंनी ते उभारलं आणि जागा-पैशासाठी राजा नरसा गौड या स्थानिक धनिकाने मदत केली. परभणी, पूर्णा, नांदेडवरून निजामाबादकडे जाणारी जी रेल्वे, तिच्याच वाटेवर डिचपल्ली आहे. उपचार चौलमोगरा जातीच्या बियांच्या तेलाचा. इंजेक्शन दुखायचं, गुण अर्धवट यायचा. पण तिथे रोग्याला पेशंट म्हणून खाट मिळत होती.

पुढे वऱ्हाड-विदर्भात मोठं काम झालं. मनोहर दिवाणांचं दत्तपूर १९३६ चं, डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचं अमरावतीचं तपोवन १९४६ चं, बाबा आमट्यांचं आनंदवन १९४९ चं. ही नावं आपण अभिमानाने घेतो आणि घ्यायलाच हवीत. पण एक प्रश्न राहतो. नवी गावं का वसवावी लागली? जुन्या गावांनी जागा दिली नाही म्हणून.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. महारोग म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर झडलेली बोटं येतात. वेल्लोरला काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की रोगाने बोटं कुजून गळत नाहीत. जंतू मज्जातंतूंवर हल्ला करतो, हातापायांची संवेदना जाते. मग चुलीचा चटका कळत नाही, पायात काटा मोडलेला कळत नाही. जखम चिघळते आणि बोट जातं. वेळेवर औषध मिळालं तर यातलं बरंचसं टळतं. पण वेळेवर जायचं म्हणजे कोणाला तरी सांगायचं. सांगितलं तर सोयरीक मोडेल, भांडी वेगळी होतील, या भीतीने माणूस चट्टा सदऱ्याखाली झाकून ठेवतो. झाकल्यामुळे हात वाकडा होतो. तो वाकडा हात बघून गाव आणखी घाबरतं आणि पुढचा रोगी आणखी झाकतो. ज्या विद्रूपतेला आपण भ्यालो, त्यातली पुष्कळशी आपल्याच भीतीने घडवली.

औषधाचं काय झालं? १९४० च्या दशकात डॅप्सोन आलं. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दोन-तीन औषधं एकत्र देण्याची पद्धत सुचवली. सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घेतल्या की रोग बरा. औषध सुरू झालं की थोड्याच काळात संसर्गाचा धोकाही जातो. भारतात डिसेंबर २००५ मध्ये हे प्रमाण दहा हजारांत एकापेक्षा कमी झालं.

आता कायद्याच्या तारखा शेजारी ठेवून बघा. कुष्ठरोग असलेल्याला नगरपालिकेचं सदस्यपद नाकारणारी ओडिशातली तरतूद २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही टिकली. १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण कायद्यातून निघालं ते २०१९ मध्ये. गोळी आल्यापासून कायद्याला इतकी वर्षं लागली. घराघरातली भांडी अजून किती वर्षं वेगळी राहणार?

आजही जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त आपल्या देशात असतात. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवायचं, एवढंच करायचं आहे. पण ते करायला धीर लागतो आणि तो धीर घरच्यांनी, शेजाऱ्यांनी द्यायचा असतो.

म्हणून आपल्या ओळखीत असं कोणी असेल, तर त्याला मदतीचे पैसे देऊन मोकळं होऊ नका. त्याच्या घरी जा, तो देईल तो चहा घ्या. इतकी वर्षं आपण फक्त देत आलो. त्याच्या हातून घ्यायला शिकणं राहून गेलंय.