गच्चीवरचं विमान आणि कागदावरचा पुरावा

मंडळी, मराठी माणूस आणि विमान असा विषय निघाला की एक नाव हमखास पुढे येतं. शिवकर बापूजी तळपदे. १८९५ साली मुंबईत चौपाटीवर त्यांनी 'मरुत्सखा' नावाचं विमान उडवलं, ते दीड हजार फूट वर गेलं, न्यायमूर्ती रानडे आणि सयाजीराव गायकवाड तिथे हजर होते, 'केसरी'त बातमी आली, आणि मग इंग्रजांनी सगळं दाबून टाकलं. ही गोष्ट पूर्वी तोंडोतोंडी फिरत असे, आता मोबाइलवरून फिरते. २०१५ साली तिच्यावर 'हवाईजादा' नावाचा हिंदी सिनेमाही निघाला. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईला भरलेल्या सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर व्याख्यान झालं आणि देशभर वाद माजला.

माझी हयात शाळेत मुलांना शिकवण्यात गेली. मुलं विचारायची, "गुरुजी, राइट बंधूंच्या आधी आपल्या माणसाने विमान उडवलं हे खरं का हो?" या प्रश्नाला नुसतं हो किंवा नाही म्हणून भागत नाही. खरं कशावरून म्हणायचं, हे आधी सांगावं लागतं. म्हणून हा लेख.

तळपदे ही काल्पनिक व्यक्ती नव्हे. ते मुंबईचे, संस्कृतचे अभ्यासक, आणि विमानाचा ध्यास त्यांना होता यात शंका नाही. प्राचीन विमानकलेवर त्यांनी मराठीत पुस्तकही लिहिलं. प्रश्न आहे तो उड्डाणाचा. 'केसरी' म्हणजे आमच्या रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांचं पत्र. त्याचे जुने अंक काही समुद्रात बुडालेले नाहीत. पण चौपाटीच्या उड्डाणाची ती बातमी सर्वांना पटेल अशा पुराव्यानिशी आजवर पुढे आलेली नाही. विमानाचा आराखडा नाही, छायाचित्र नाही, इंजिनाचा एखादा सुटा भाग नाही. 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाचा आधार देतात, तर १९७४ साली बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या पाच जणांनी तो ग्रंथ तपासला. ग्रंथ १९०४ च्या मागे जात नाही आणि त्यात वर्णन केलेली विमानं उडूच शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९०४ नंतरचा ग्रंथ १८९५ च्या विमानाला आधार कसा देणार, हे आमचा सातवीतला मुलगाही विचारील!

आता राइट बंधूंकडे बघा. तेही काही सरकारी शास्त्रज्ञ नव्हते. सायकलचं दुकान चालवणारी दोन भावंडं. आजच्या भाषेत बोलायचं तर त्यांचं विमान 'घरी बांधलेलं'च होतं. १९०१ साली त्यांनी स्वतःच एक लाकडी पेटी करून तिच्यात वारा सोडला आणि पंखांचे छोटे छोटे नमुने तपासले. १७ डिसेंबर १९०३ ला चार उड्डाणं झाली. पहिलं १२ सेकंदांचं, १२० फुटांचं. शेवटचं ५९ सेकंदांचं, ८५२ फुटांचं. मग वाऱ्याच्या झोताने विमान उलटंपालटं होऊन मोडलं. पण रोजनिशी राहिली, मोजमापं राहिली, आणि किनाऱ्यावरच्या बचावकेंद्रातल्या एका माणसाने काढलेलं छायाचित्रही राहिलं. दीड हजार फुटांच्या गोष्टीपुढे १२० फूट म्हणजे किती किरकोळ वाटतात, नाही? पण ते मोजलेले आहेत, हा फरक.

पुढे विमानं कारखान्यांत होऊ लागली, तरी घरी बांधण्याचा नाद काही सुटला नाही. अमेरिकेत मिनेसोटाच्या एका खेड्यात बर्नार्ड पीटनपोल नावाच्या माणसाने १९२०च्या दशकाच्या अखेरीस लाकूड-कापडाचं दोघांचं विमान केलं आणि त्याला फोर्ड मोटारीचं इंजिन बसवलं. त्या आराखड्यावरून लोक आजही विमानं बांधतात. अशा विमानाची घडण समजायला अवघड नाही. पंखात लांबीच्या दिशेने एक-दोन भक्कम लाकडी तुळया, त्यांवर आडव्या हलक्या फासळ्या, वरून कापड ताणलेलं, आणि कापडावर रोगणाचे हात. रोगण सुकलं की कापड ताठ होतं, ढोलकीच्या पुडीसारखं वाजतं. आमच्या मिरकरवाड्याच्या जुन्या सुताराला हे दाखवलं असतं तर त्याने मान डोलावली असती. होडीलाही कणा आणि फासळ्याच असतात. फरक एवढाच की होडीत लाकूड थोडं जास्त झालं तर चालतं, विमानात ते उडण्याच्या आड येतं. आणि वजनाचा तोल चार बोटं मागे गेला, तर विमान वैमानिकाचं ऐकत नाही.

फ्रान्समध्ये आंरी मिन्ये यांनी १९३३ साली 'पू द्यू स्येल' नावाचं इवलंसं विमान उडवलं. नावाचा अर्थ 'आकाशातली ऊ'! इंग्रजांनी तिची पिसू केली. ज्याला खिळे ठोकून खोकं करता येतं त्याला हे विमान करता येईल, असा त्यांचा एकूण सूर. कसं बांधायचं याचं पुस्तकच त्यांनी काढलं. फ्रान्स-इंग्लंडात लोकांनी घरोघर, गॅरेजमध्ये, गोठ्यात ही विमानं बांधायला घेतली. आणि मग अपघात होऊ लागले. माणसं मेली. १९३६ मध्ये दोन्ही देशांत अख्खं विमान मोठ्या वातबोगद्यात ठेवून तपासलं गेलं. पुढचा आणि मागचा असे दोन पंख जवळजवळ असल्यामुळे, विमानाने एका मर्यादेपलीकडे नाक खाली घातलं की ते पुन्हा वर येतच नाही, हे कारण सापडलं. उड्डाणांवर बंदी आली. पुढे रचना सुधारली आणि सुधारलेली विमानं नीट उडालीही.

मला या कहाणीत महत्त्वाचं वाटतं ते हे, की आराखडा छापलेला होता म्हणून दोष सापडला. मिन्येंनी तो गुप्त ठेवला असता तर प्रत्येक अपघात हा ज्याच्या त्याच्या नशिबाचा भाग ठरला असता. ज्ञान उघड्यावर ठेवलं की त्यातली चूकही उघड्यावर येते, आणि म्हणूनच ती सुधारते. आपल्याकडे 'गुप्त विद्या' म्हटलं की हात जोडायची रीत आहे. तिथेच घोडं पेंड खातं.

१९५३ साली पॉल पोबेरेझ्नी यांनी अमेरिकेत अशा हौशी लोकांची संघटना काढली. तिकडचा कायदा असा, की विमानाचं निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने स्वतः शिकण्यासाठी वा करमणुकीसाठी केलेलं असलं पाहिजे. बोलीभाषेत त्याला ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात. बांधताना प्रत्येक टप्प्याचे फोटो आणि नोंदी ठेवायच्या. पहिले २५ किंवा ४० तास ठरलेल्या भागातच चाचणी म्हणून उडवायचं. नंतर दर बारा महिन्यांनी संपूर्ण तपासणी. झाकणं उघडून तारा, बिजागऱ्या, इंधनाच्या नळ्या, गंज, तडे सगळं बघायचं आणि वहीत लिहून सही करायची. ज्याने बांधलं त्याला या तपासणीचा परवाना मिळू शकतो. कारण उघड आहे, त्याच्याइतकं ते विमान दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? आपल्याकडे पावसाळ्यात होड्या वर ओढतात, डागडुजी करतात आणि नारळी पौर्णिमेला पुन्हा दर्यात घालतात, तसंच हे. फक्त इथे नारळाबरोबर वहीही लागते.

बरं, मराठी माणसाचं काय? सांगतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूर गावचे विष्णू माधव घाटगे. जन्म १९०८. जर्मनीत गॉटिंगेनला प्रांटल या वायुगतिशास्त्राच्या महर्षींकडे त्यांनी डॉक्टरेट केली. परत येऊन बंगलोरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये दाखल झाले. १९४१ मध्ये त्यांच्या आराखड्याचं इंजिनाविना उडणारं ग्लायडर तयार झालं. आणि ५ ऑगस्ट १९५१ ला त्यांचं एचटी-२ हे दोन आसनी विमान आकाशात गेलं. स्वतंत्र भारतात आखलेलं, बांधलेलं हे विमान. हवाई दलातल्या कितीतरी वैमानिकांनी उडण्याची बाराखडी त्यावर गिरवली. १९६५ मध्ये घाटग्यांना पद्मश्री मिळाली. आता मला सांगा, तळपद्यांचं नाव दहा जणांना माहीत असेल तर घाटग्यांचं किती जणांना? एकाला असलं तर नशीब! ज्याचं विमान खरोखर उडालं तो विसरला, आणि ज्याचं सिद्ध करता येत नाही त्याचे पोवाडे.

घाटगे कारखान्यातले, पगारी तज्ज्ञ. पण घरी बांधणाराही आपल्यात आहे, आणि तो आपल्या काळातला आहे. कॅप्टन अमोल यादव, व्यवसायाने वैमानिक. १९९८ पासून त्यांचे प्रयत्न चालू होते. आधीची दोन विमानं पूर्णत्वाला गेली नाहीत. तिसरं, सहा आसनी, त्यांनी कांदिवलीला चारकोपमधल्या घराच्या गच्चीवर बांधलं. होय, गच्चीवर! कुटुंबाने आपली पुंजी त्यात ओतली. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात 'मेक इन इंडिया'चं प्रदर्शन भरलं तेव्हा ते विमान गच्चीवरून खाली आणून तिथे ठेवलं, आणि लोकांची झुंबड उडाली.

पण बांधणं हे अर्धंच काम. नोंदणीचं घोडं कित्येक वर्षं अडलं होतं, मधेच नियमही बदलले. अखेर नोव्हेंबर २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने व्हीटी-एनएमडी या क्रमांकाने नोंदणी केली. उड्डाणाची परवानगी मिळायला २०१९ उजाडलं, आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून विमानाने चाचणीचं उड्डाण केलं. पहिल्या प्रयत्नापासून बावीस वर्षं!

या दिरंगाईवर पुष्कळांनी टीका केली, आणि माझ्या मते ती रास्त होती. माणसाने स्वतःच्या हिमतीवर काही करायला घ्यावं आणि त्याला टेबलांमागून टेबलं फिरावं लागावं, हे चांगलं नाही. घरी बांधणाऱ्याला बंदी नको, तपासणारा जाणकार माणूस हवा. मात्र याची दुसरी बाजूही आहे. ज्या कागदांनी यादवांना दमवलं, तेच कागद उद्या त्यांचे साक्षीदार आहेत. शंभर वर्षांनी कुणी म्हणालं की असं काही घडलंच नव्हतं, तर नोंदणी आहे, परवाना आहे, तारीख आहे, धावपट्टीचं गाव आहे. तळपद्यांच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही. मला त्यांच्याबद्दल राग नाही, कणवच वाटते. कदाचित त्यांनी एखादा प्रामाणिक, छोटासा प्रयोग केलाही असेल. पण त्यांच्या भक्तांनी त्याचं दीड हजार फुटांचं उड्डाण करून ठेवलं, आणि त्या खाली मूळ माणूस दिसेनासा झाला.

योगायोग पाहा. चौपाटीच्या कथेनंतर तीनच वर्षांनी, १८९८ मध्ये, इतिहासाचार्य राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड छापला. असे बावीस खंड निघाले. गावोगाव पायपीट करून, लोकांच्या माळ्यावरची दप्तरं झाडून त्यांनी कागद मिळवले. अभिमान त्यांनाही कमी नव्हता. पण कागद दाखवल्याशिवाय बोलायचं नाही ही शिस्त त्यांनी महाराष्ट्राला लावली. ती शिस्त आपण शिवकाळाला लावतो आणि विमानाला मात्र सूट देतो, हे काही बरोबर नाही.

असो. लेख लांबला. नातवंडांनी विचारलं की आपल्या माणसाने विमान केलंय का, तर बेधडक हो म्हणा. हसूरच्या घाटग्यांचं सांगा, चारकोपच्या गच्चीचं सांगा, तारखांसकट सांगा. आणि तुमच्यापैकी कुणाच्या घरी आजोबांची होडी बांधल्याची, गिरणी बसवल्याची, घड्याळं दुरुस्त केल्याची एखादी वही पडून असेल, तर ती रद्दीत घालू नका. त्या वहीत काय आहे ते मला जरूर कळवा.